इंधन जमवणारा माणूस

घन इंधनाचे रॉकेट एकदा पेटले की विझवता येत नाही. इंधनात बारीकशी चीर राहिली, तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकते. वसंत गोवारीकरांनी उमेदीची वर्षे दिली ती या तापट रसायनाला.

बर्मिंगहॅमची डॉक्टरेट, इंग्लंडमधले चांगले काम. तरी विक्रम साराभाईंनी बोलावले आणि १९६७ मध्ये ते केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात आले.

१८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या भारतीय रॉकेटने ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. चारही टप्पे घन इंधनाचे! प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम सर्वांना आठवतात. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे तेव्हाचे संचालक गोवारीकर मात्र फारसे कुणाला नाहीत. पुढे हेच गृहस्थ मान्सूनच्या अंदाजाकडे वळले.