गाडी येते, रस्ता येतो का?

दसरा-पाडव्याला घरात नवी मोटारसायकल येते. हँडलला झेंडूचा हार पडतो, पेढे वाटले जातात. पुढचे काही दिवस शाळेचे मैदान किंवा गावाबाहेरचा मोकळा रस्ता हीच शिकण्याची जागा. दादा किंवा काका मागून ओरडत असतो, ‘क्लच हळू सोड!’ गाडी धक्के खात बंद पडते, पुन्हा सुरू होते. आठ-दहा दिवसांत गिअर नीट पडू लागतात आणि घरात जाहीर होते, ‘जमली गाडी!’ इथे शिक्षण संपले असे सर्वांनाच वाटते. खरे तर ते निम्मेच झालेले असते आणि उरलेले निम्मे जास्त महत्त्वाचे असते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे नवशिके नव्हते. पण नवशिक्याला या रस्त्यावर उतरायचे असते, तेव्हा त्याचे शरीर काय शिकले आहे आणि काय शिकायचे राहिले आहे, हे घरच्यांनी समजून घेतलेले बरे.

पहिल्या दिवशी मेंदूला प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते. डाव्या हाताने क्लच, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर व पुढचा ब्रेक, डाव्या पायाने गिअर, उजव्या पायाने मागचा ब्रेक. शिवाय तोल सांभाळायचा. सगळे लक्ष हातापायांवरच खर्च होते. सराव वाढतो तसा लहान मेंदू प्रत्येक चुकीनंतर हालचालीत बारीक दुरुस्ती करत जातो आणि हे काम हळूहळू आपोआप होऊ लागते. मग क्लच किती सोडायचा याचा विचार करावा लागत नाही. सायकल एकदा आली की विसरत नाही, त्याचे कारणही हेच.

हे शिकणे एका दमात उरकत नाही. इंग्लंडमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना केलेला एक अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास कमी लागले. रोज चार तास बसणाऱ्यांना जास्त लागले. हालचालींची आठवण सरावांच्या मधल्या विश्रांतीत आणि झोपेत पक्की होत जाते. म्हणून रविवारी दिवसभर गाडी फिरवण्यापेक्षा रोज पाऊण तास, तासभर सराव करावा. क्लच दाबून मनगट दुखू लागले, चुका वाढू लागल्या की त्या दिवशी थांबावे.

हातपाय तयार होतात, पण डोळे मागे राहतात. अमेरिकेत १९७२ मध्ये मोटारचालकांच्या नजरेचा अभ्यास झाला. नवशिके गाडीच्या पुढ्यातल्या थोड्याच रस्त्याकडे पाहत राहतात, अनुभवी चालक लांबवर पाहतात आणि आरशातही अधिक वेळा डोकावतात, असे त्यात दिसले. दुचाकीवर ही उणीव जास्त महागात पडते. उभ्या रिक्षाचे पुढचे चाक वळलेले आहे, बसच्या पुढून कोणी धावत येऊ शकते, वळणावर वाळू सांडली आहे, उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, हे सगळे आधी दिसावे लागते. मैदानावर यातले काहीच नसते. म्हणून मैदानावर दहा दिवसांत आलेला आत्मविश्वास रस्त्यावर फसवा ठरतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातील ९०० हून अधिक मोटारसायकल अपघातांची हॅरी हर्ट व सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ च्या त्यांच्या अहवालातील निष्कर्ष आजही विचार करायला लावतात. अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता. धोका उभा राहिल्यापासून धडक होईपर्यंत साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता. आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवले, पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नाही.

आपल्याकडेही ‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे थांबवण्याची मोठी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. फक्त मागचा ब्रेक वापरला तर थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागू शकते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. म्हणजे धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर कापले जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे सराव. कोरड्या, मोकळ्या जागी, गाडी सरळ असताना, आधी ताशी २० आणि मग ३० किलोमीटर वेगाने, दोन्ही ब्रेक एकदम न आवळता दाब वाढवत गाडी थांबवून पाहावी. हे पुन्हा पुन्हा करावे. संकटाच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. हाताला जी सवय असते तेच हात करतो.

आता हेल्मेट. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जातो आणि धक्का स्वतःवर घेतो, म्हणून मोठा आपटा बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आयएसआय चिन्ह पाहावे, डोके हलवल्यावर हेल्मेट सैल फिरू नये आणि पट्टा लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आधी उडून जाते. मैदानावर ‘इथेच तर आहे’ म्हणून ते झाडाला अडकवून ठेवणे चूकच, कारण नवशिका सर्वांत जास्त वेळा पडतो तो तिथेच.

शिकायला सुरुवात करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत. लांबचे अंधूक दिसणाऱ्या कित्येक तरुणांना त्याची कल्पनाच नसते. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेतल्यावर गाडीला हात लावू नये. अपुरी झोप आणि मद्य यांबाबतही तेच.

कायद्याने गिअरच्या मोटारसायकलसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. कच्चे लायसन्स मिळाल्यावर पक्के मिळण्यापूर्वी किमान ३० दिवस जावे लागतात. हे दिवस केवळ तारखेची वाट पाहण्यात घालवू नयेत. आधी मैदान, मग सकाळचे मोकळे अंतर्गत रस्ते, मग दिवसाची वर्दळ अशी एकेक पायरी चढावी. पक्के लायसन्स हाती आल्यावरही रात्र, पाऊस आणि महामार्ग काही महिने लांबच ठेवावेत. मागे मित्राला बसवणे सर्वांत शेवटी, कारण मागच्याच्या वजनाने तोलही बदलतो आणि थांबण्याचे अंतरही.

शिकवणाऱ्या दादाने किंवा काकाने प्रश्नही बदलावा. ‘गिअर पडतात का?’ याऐवजी गाडी थांबवून विचारावे, ‘आत्ता त्या चौकात तुला काय काय दिसले?’ उत्तरात रिक्षा, शाळकरी मुले, वाळू आणि मागून येणारा टेम्पो हे सगळे न अडखळता आले, की किल्ली हातात द्यायला हरकत नाही.