लांबी, वजन आणि दंडाचा घेर

लहान मुलाचे कुपोषण केवळ नजरेने ओळखण्यात मोठा धोका असतो. कारण ज्या वस्तीत बहुतेक मुले खुजी आणि हडकुळी असतात, तेथे पाहणाऱ्याची नजरही त्याच अंगलोटाला सरावते आणि गंभीर अवस्थेतील मूल चारचौघांसारखेच वाटू लागते. म्हणून महाराष्ट्रातील अंगणवाड्यांमध्ये हा निर्णय मोजमापावर सोपवलेला असून, त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ मधील वाढीची प्रमाणके वापरली जातात. ही प्रमाणके ज्या सहा देशांतील मुलांच्या अभ्यासातून तयार झाली त्यांत भारतही होता, आणि पुरेसे पोषण व स्तनपान मिळालेली मुले सर्वत्र जवळपास सारखीच वाढतात असे त्यात आढळले. त्यामुळे आपली मुले जात्याच लहान चणीची असतात, हे समर्थन टिकत नाही.

वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुजेपणा, जो दीर्घकाळच्या उपासमारीचा आणि आजारपणांचा परिणाम असतो. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे लुकडेपणा, ज्यात बालमृत्यूचा धोका अधिक निकटचा असतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी, तर २५.६ टक्के लुकडी होती. केवळ वयानुसार वजन पाहिले, तर या दोन अवस्था एकमेकींत मिसळून जातात.

वजन घेणे तुलनेने सोपे आहे: काटा शून्यावर आणावा, कपडे आणि वाळे उतरवावेत, मूल स्थिर होईपर्यंत थांबावे. खरी कसोटी लांबीची असते. दोन वर्षांखालील मुलाला फळ्यावर उताणे झोपवून त्याची लांबी मोजतात, त्याहून मोठ्या मुलाला उभे करून उंची मोजतात. एकाच मुलाच्या या दोन मापांत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडत असल्याने ही अदलाबदल हिशेबात धरावी लागते. एकीने डोके स्थिर टेकणाला लावून धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून तळपाय सरकत्या फळीला सपाट टेकवायचे, आणि त्या क्षणी मूल बहुधा रडून पाय आखडून घेत असते. येथे दोन माणसे हवीतच. मदतनीस आहार शिजवण्यात गुंतलेली असताना सेविकेने एकटीने घेतलेल्या लांबीवर विसंबता येत नाही.

या आखडलेल्या गुडघ्यांचा परिणाम थेट निदानावर होतो. ७० सेंटिमीटर लांबीच्या मुलग्यासाठी तीव्र कुपोषणाची सीमा ६.६ किलोग्रॅम आहे, म्हणजे ६.५ किलोचा मुलगा ‘सॅम’, अर्थात तीव्र कुपोषित, ठरतो. त्याच मुलाची लांबी चुकून ६८.५ नोंदवली गेली, तर सीमा ६.४ वर उतरते आणि तो ‘मॅम’ म्हणजे मध्यम कुपोषितांच्या यादीत जाऊन उपचारापासून दूर राहतो. मूल जितके आखूड नोंदवावे तितके ते कागदावर धष्टपुष्ट दिसते, ही या पद्धतीतील सर्वांत चिंताजनक बाब आहे.

दंडाच्या घेराची रंगीत पट्टी ही अडचण बऱ्याच अंशी टाळते. डाव्या हाताचे खांद्याचे टोक आणि कोपर यांचा मध्यबिंदू काढून, हात सैल सोडलेला असताना, कातडीला न आवळता पट्टी गुंडाळतात: ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर लाल, तेथून १२.५ पर्यंत पिवळा आणि त्यापुढे हिरवा. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटात या मापाला जन्मतारीख लागत नाही. परंतु पट्टीत हिरवे ठरलेले मूल उंचीनुसार वजनात तीव्र कुपोषित निघू शकते, तसेच उलटही घडते. म्हणून दोन्ही मापे घेऊन त्यांपैकी कोणत्याही एकात तीव्र ठरलेले मूल उपचारास पात्र धरले पाहिजे.

याउपर एक तपासणी केवळ बोटांची असते. दोन्ही पावलांवर अंगठ्याने सुमारे तीन सेकंद दाबून खळगा राहतो का, हे पाहतात; कुपोषणाची सूज असेल तर साठलेल्या पाण्याने वजन फुगते, आणि आकडे काहीही सांगत असले तरी ते मूल तीव्र कुपोषितच मानले जाते. अशा मुलांना आणि शांत जागी, आईच्या मांडीवर घेतलेल्या भूक चाचणीत उपचारात्मक आहार नाकारणाऱ्या मुलांना गावातील ग्राम बालविकास केंद्रात न ठेवता डॉक्टरांच्या देखरेखीखालील पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठवावे लागते.