डिकीचा पंचनामा

नांदेडच्या आमच्या घराच्या पडवीत, एका विटक्या चादरीखाली कित्येक वर्षे मौनव्रत धरून उभी असलेली अण्णांची स्कूटर भंगारात द्यावी किंवा कसे, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी मागच्या उन्हाळ्यात घरची मंडळी जमली, तेव्हा निदान तिची डिकी तरी आधी उघडून पाहावी असे ठरले; आणि महसूल खात्यात ज्याची उभी हयात गेली अशा माणसाच्या मुलाला शोभेल अशा रीतीने मी आतील जिन्नसांचा रीतसर पंचनामा केला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले दोन प्लग, एक प्लगपाना, पॉलिश कागदाचा तळहाताएवढा तुकडा, वेटोळे करून सुतळीने बांधलेली क्लचची नवी वायर, ऑईलची चपटी बाटली व तिच्या तोंडावर उपडे घातलेले औषधाचे माप, तेरा-चौदाचा एक पाना, आणि सर्वांच्या तळाशी, रेक्झिनच्या वेष्टनात जपून ठेवलेली एक नोंदवही.

कोणती स्कूटर भरवशाची, हा वाद आमच्याकडे नांदेडातल्या वजिराबादच्या हॉटेलांपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत दररोज कोठे ना कोठे झडत असतो, आणि त्यात जुन्या गाडीचे अभिमानी नव्या गाडीला पत्र्याचा डबा म्हणतात, तर नव्या गाडीचे धनी जुनीला लाथा खाणारी म्हणून मोडीत काढतात. या वादात माझी साक्ष विचारली, तर मी ही यादीच पुढे करीन. कारण या सात जिनसांपैकी प्रत्येकामागे यंत्राचा एकेक स्वभाव आहे आणि त्या स्वभावाशी जुळवून घेतलेल्या माणसाचा एकेक अनुभव आहे.

अण्णा अव्वल कारकून होते. 1982 साली उस्मानाबादेतून लातूर हा निराळा जिल्हा झाला, नवी जिल्हा कचेरी उभी राहू लागली, आणि त्या सुमारास त्यांची बदली तिकडे झाली. घर मात्र मुलांच्या शाळांसाठी नांदेडातच राहिले. शनिवारी सायंकाळी लातूर सोडावे, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा अशी गावे मागे टाकीत रात्री घरी यावे आणि सोमवारी पहाटे उलट दिशेने निघावे, असा त्यांचा क्रम होता. एस.टी. होती, परंतु कचेरीच्या कामाची अखेर आणि शेवटच्या गाडीची वेळ यांचे सूत कधी जमले नाही, म्हणून स्कूटर.

त्या काळी स्कूटर विकत घेणे म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणे नव्हते. 1945 साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने स्थापन झालेल्या आणि 1948 पासून इटलीच्या वेस्पा आयात करणाऱ्या बजाजांच्या पेढीला 1959 साली स्कूटर व रिक्षा येथेच बनविण्याचा परवाना मिळाला. पिआज्जो या इटालियन कंपनीशी असलेला तिचा करार 1971 साली संपला, आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक रस्त्यावर आली. सरकारने उत्पादनावर मर्यादा घातलेली आणि मागणी मात्र अमर्याद, अशा स्थितीत नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाचा नित्याचा अनुभव होता. नोंदणीची पावती तिजोरीत दागिन्यांशेजारी ठेवली जाई, आणि लग्नाच्या याद्यांत, सांगायला लाज वाटावी अशा रीतीने, स्कूटरीचे कलम येई. 1975 साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीने स्थापन झालेल्या साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सने प्रिया बाजारात आणली. 1985 साली बजाजांचा कारखाना आमच्या मराठवाड्यात वाळूजला सुरू झाला, आणि प्रतीक्षेची ती लांबलचक यादी हळूहळू आटत गेली.

इतकी वाट पाहून मिळालेले ते यंत्र मुळात एका विमान अभियंत्याच्या डोक्यातून निघाले होते. कोरादिनो दास्कानिओ या गृहस्थाला मोटरसायकल मनापासून नावडत असे. तिचे तेल कपड्यांना लागते, साखळी उघडी असते, चाक बदलणे कष्टाचे असते, ही त्याची फिर्याद. म्हणून 1946 च्या वेस्पात त्याने सांगाडाच न ठेवता पत्र्याच्या अंगावरच सारा भार घेतला, इंजिन मागच्या चाकाला दातेरी चक्रांनी थेट जोडून साखळी बाद केली, आणि विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर अडकविले. या शेवटच्या युक्तीचे मोल पंक्चर झाल्यावर कळते. चार-पाच नट सोडले की चाक हातात येते, मागे बांधलेली स्टेपनी तेथे चढते, आणि माळाकोळीच्या माळावर अंधारात उभा असलेला अव्वल कारकून पाव तासात मार्गस्थ होतो. मोटरसायकलवाल्याला हे सुख नव्हते. आजच्या बहुतेक स्कूटरवाल्यांनाही नाही, कारण स्टेपनी गेली आणि तिची जागा ट्यूबलेस टायरने घेतली.

परंतु त्याच रचनेत एक खोडही होती. इंजिन उजव्या अंगाला असल्याने गाडीचे वजन एका बाजूला झुकते, आणि जुना स्वार नकळत किंचित डावीकडे सरकून बसलेला दिसतो. चाके दहा इंची, टायर धरून सारा व्यास जेमतेम सतरा इंच, त्यामुळे जो खड्डा मोटरसायकलचे मोठे चाक वरच्यावर ओलांडून जाते त्यात हे चाक चक्क उतरते. आमच्या काळ्या मातीने तर या गाडीला कधीच जवळ केले नाही. पावसाळ्यात ती माती चाक आणि मडगार्ड यांच्या चिंचोळ्या फटीत अशी ठासून बसे की गाडी ढकलतानाही चाक फिरू नये; आणि मृगानंतर शेतावर जाणारा माणूस मोटरसायकल घेई, स्कूटर डांबरी रस्त्यापुरती, कचेरी, शाळा आणि मोंढा यांच्यापुरती राही, याचे कारण प्रतिष्ठेपेक्षा या फटीतच अधिक आहे.

आता ती ऑईलची बाटली. दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची निराळी टाकी नसते; पेट्रोलातच तेल मिसळावयाचे, लिटरला साधारण वीस मिलिलिटर, आणि त्याच्या जोरावर पिस्टनने धावावयाचे. हे प्रमाण सांभाळणे ही मालकाची जबाबदारी, आणि तिच्याविषयी अण्णांचे वजिराबादेतील मिस्त्री आपल्या दखनी बोलीत जे म्हणत ते आमच्या घरात म्हणीसारखे झाले होते: "तेल जास्ती हुआ तो पिलग रोता, कम हुआ तो मालक रोता." जास्त तेलाने प्लग काजळतो, सायलेन्सर तुंबतो, धूर निघतो, कमी तेलाने पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होऊन बसतो. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मीटरवर आणि लातूर बालाघाटाच्या पठारावर सुमारे 630 मीटरवर आहे, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात निरुपद्रवी वाटते. परंतु मे महिन्यात, पारा बेचाळीसवर गेला असता, मागे माणूस बसवून नांदेडाहून लातूरला निघालेल्या स्कूटरीला ती जाणवते. अण्णांच्या वहीत 'गाडी तापली, झाडाखाली अर्धा तास' अशा नोंदी आहेत, आणि त्या जवळजवळ सगळ्या सोमवारच्या, म्हणजे चढाच्या दिशेच्या आहेत.

उताराचाही एक धोका होता, जो नवख्याला सांगूनही पटत नसे. वंगण पेट्रोलाबरोबरच येत असल्याने, लांब उतारावर हातातली मूठ पूर्ण सोडून दिली तर पेट्रोलाबरोबर वंगणही आटते, आणि चाकाच्या ओढीने वेगात फिरणारे इंजिन कोरडे पडते. म्हणून जाणता माणूस उतारावरही मधून मधून मूठ हलकेच पिळीत असे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत अण्णांनी वाचले नव्हते. ते त्यांना एकदा इंजिन रिबोअर करून घेतल्याच्या खर्चातून आले होते.

पॉलिश कागद प्लग घासण्यासाठी. गाडी सुरू होत नसेल तर प्लग काढावा, ओला असेल तर पुसावा, काळा असेल तर घासावा, पत्र्याला टेकवून ठिणगी पडते की नाही ते पाहावे, आणि पुन्हा बसवावा. हे संध्येच्या आचमनाइतके अंगवळणी पडलेले कर्म होते. एवढ्याने काम भागले नाही तर तो प्रसिद्ध उपाय: गाडी तिरकी करून क्षणभर धरणे आणि मग किक मारणे. पाहुण्यांना ही अंधश्रद्धा वाटे; मिस्त्री मात्र त्याची उपपत्ती सांगत की कलण्याने कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल पुढे चढते, मिश्रण दाट होते आणि थंड इंजिन पेट घेते. क्लचची जादा वायर कशासाठी, हे ज्याची वायर लोहा आणि सोनखेडच्या मधोमध तुटली आहे त्याला सांगावे लागत नाही. आणि अशा प्रसंगी रस्त्याने जाणारा दुसरा स्कूटरवाला थांबल्याशिवाय राहत नसे. त्याच्याही डिकीत हाच संसार असे.

आता नव्या गाडीकडे वळू. 1984 च्या सुमारास आलेल्या कायनेटिक होंडाने बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर या देशाला दाखविली, 2001 साली होंडाची चार-स्ट्रोक अॅक्टिव्हा आली, आणि 2009 च्या डिसेंबरात बजाजांनी स्कूटरच्या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. या स्थित्यंतराचा खरा साक्षीदार लातूर आहे. गंजगोलाईला चहूंकडून येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर, औसा रोडवर, बार्शी रोडवर शिकवणीच्या वेळी मुलींच्या स्कूटरींची जी रांग लागते, ती हातातल्या गिअरच्या आणि पायातल्या किकच्या काळात संभवलीच नसती. माझी पुतणी तेथे शिकावयास होती. तिने पाच वर्षांत प्लग कसा असतो हे पाहिले नाही, आणि तिला ते पाहावे लागले नाही, हा त्या यंत्राचा मोठा गुण मी निमूटपणे मान्य करतो.

गिअरचे काम येथे रबराचा एक रुंद पट्टा करतो. दोन कप्प्यांवरून तो फिरतो. वेग वाढला की पुढच्या कप्पीतील गोळे बाहेर फेकले जातात, कप्पीच्या भिंती जवळ येतात, पट्टा वर चढतो, आणि गिअर आपोआप बदलल्याचा परिणाम साधतो. व्यवस्था सुबक आहे, परंतु पट्टा झिजतो, आणि साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरांनंतर त्याची मुदत संपते. जुनी गाडी मरण्यापूर्वी खोकत असे, धूर सोडीत असे, घरच्यांना बोलावून घेत असे. पट्टा बहुधा काही न बोलता तुटतो, इंजिन गुरगुरत राहते आणि चाक फिरत नाही. पुतणीची गाडी अशीच एकदा चाकूरजवळ उभी राहिली, आणि डिकीत हेल्मेट, पावसाळी कोट व परीक्षेचे हॉलतिकीट याखेरीज काहीही नव्हते. पट्टा असता तरी तो बसविण्याची हत्यारे रस्त्यावर कोणापाशी असणार? टेम्पोत घालून गाडी लातूरला आणावी लागली.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे मानक लागू झाले, आणि कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागी इंधनाची पिचकारी व तिच्यावर हुकूमत करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. धूर कमी झाला, थंडीत गाडी पहिल्या बटणाला सुरू होऊ लागली; गाडी तिरकी करण्याचा विधी मात्र निरर्थक झाला. टाकीतील पंप पेट्रोलातच बुडून थंड राहत असल्याने टाकी कोरडीठाक होऊ देणे हा नवा अपराध ठरला, आणि रोगाचे निदान मिस्त्रीच्या कानाकडून संगणकाच्या पडद्याकडे गेले. लातूर-नांदेडसारख्या शहरांत ते यंत्र आहे; लोह्याच्या किंवा शिरूरच्या नाक्यावरील प्रत्येक गॅरेजात ते असेलच असे नाही. 2020 च्या जानेवारीत चेतकही विजेवर चालणारी होऊन परत आली, आणि शहरातल्या फेऱ्यांना ती जात्याच सोयीची आहे. परंतु वेग, ओझे आणि चढ या तिघांनाही तिची बॅटरी हिशेब देत असते, आणि अण्णांच्या सोमवारच्या वाटेवर मध्ये एखादा थांबा घेतल्याशिवाय निघण्याचे साहस मी कोणाला सुचविणार नाही.

तेव्हा भरवशाची गाडी कोणती? जुनी गाडी वारंवार बिघडे, परंतु तिचा बिघाड मालकाच्या हाताच्या टप्प्यात असे. नवी क्वचित बिघडते, परंतु बिघडली की तिच्या मालकाला पाहत उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. माझा निवाडा नव्या गाडीच्या बाजूने आहे, कारण शंभर सोमवारांपैकी अधिक सोमवार ती वेळेवर पोहोचवील. मात्र त्या निवाड्याला एक शर्त जोडलेली आहे, आणि ती डिकीच्या तळाशी सापडलेल्या वहीत आहे. पेट्रोल किती, तेल किती, हवा केव्हा भरली, प्लग केव्हा बदलला, ब्रेक केव्हा आवळला, याच्या तारीखवार नोंदी त्या कारकुनाने ठेवल्या, आणि गाडी तापण्याचा दिवस सोमवारच असतो हे त्याला त्या नोंदींनीच शिकविले. नव्या यंत्राने प्लगपाना अनावश्यक केला असेल, वही अनावश्यक केलेली नाही. किंबहुना जो पट्टा न बोलता तुटतो त्याच्यासाठी बोलणारे दुसरे कोणी नाही.

स्कूटर आम्ही अखेर भंगारात दिली. वाचकांना विनंती एवढीच: आपल्या गाडीचा काटा किती किलोमीटर दाखवितो ते पाहावे, पट्टा आणि इंजिन ऑईल शेवटचे केव्हा बदलले ते आठवावे, आणि आठवत नसेल तर कागदावर आजची तारीख घालून पहिली नोंद करावी.