ऑटोमॅटिक मोटारीचीं दुखणीं व त्यांचें निदान

रोगाचें निदान झाल्यावांचून औषध देऊं नये, हा आपल्या प्राचीन वैद्यकाचा पहिला दंडक आहे. हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति अशीं निदानाचीं पांच अंगें माधवनिदानासारख्या ग्रंथांत सांगितलेलीं आहेत. मनुष्यदेहाच्या बाबतींत हा दंडक आपण सर्वजण मानतों; परंतु दारांतील मोटार गिअर बदलतांना अडखळूं लागली, कीं तोच सुशिक्षित गृहस्थ गॅरेजमध्यें सांगतील तें निमूटपणें ऐकतो, आणि 'गिअरबॉक्स गेला, नवा टाकावा लागेल' एवढ्या एका वाक्यावर कुटुंबाच्या वर्षभराच्या शिलकेवर पाणी सोडावयास तयार होतो. वास्तविक अशा कित्येक तक्रारींचें मूळ तेलांत, एखाद्या तारेंत किंवा क्षीण झालेल्या बॅटरींत असतें. गृहस्थानें स्वतः गिअरबॉक्स उघडावा, असें आमचें म्हणणें नाहीं. दुसऱ्यानें तो उघडण्यापूर्वी दुखण्याची सरळ व क्रमवार हकीकत आपणांस सांगतां यावी, आणि योग्य तो प्रश्न विचारतां यावा, एवढेंच या लेखाचें प्रयोजन आहे.

प्रकृति आणि विकृति

प्रकृति कळल्यावांचून विकृति कळत नाहीं. 'ऑटोमॅटिक' या एका नांवाखालीं हल्लीं चार निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात, आणि एकाचा जो स्वभाव तोच दुसऱ्याचा रोग ठरतो.

पहिला व सर्वांत जुना प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. द्रवाच्या योगानें शक्ति वाहून नेण्याच्या युक्तीचें पेटंट फ्यॉटिंगर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं जहाजांसाठीं घेतलें. पुढें अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ सालीं आपल्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठीं 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स काढला व द्रवाची ही युक्ति मोटारींत रूढ झाली. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक विजेवर चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. हाच प्रकार येथें बंद भांड्यांत, वाऱ्याऐवजीं तेलानें घडतो. त्याच्या मागें जीं दंतचक्रें असतात, त्यांची रचना पाहून ज्योतिष जाणणारास मौज वाटेल. मधोमध सूर्यचक्र, त्याभोंवतीं फिरणारीं ग्रहचक्रें, आणि सर्वांस वेढणारें एक वलय. यांपैकीं कोणतें धरून ठेवावयाचें व कोणतें फिरूं द्यावयाचें, यावर गिअर ठरतो. धरण्याचें काम क्लचच्या पातळ चकत्या करतात, आणि त्या चकत्यांना दाबणारा हात म्हणजे तेलाचा दाब होय.

दुसरा प्रकार सी.व्ही.टी.चा. यांत ठराविक गिअर नसतात. दोन पुल्यांवरून पोलादी पट्टा फिरतो, आणि पुल्या मिटत-उघडत असल्यामुळें पट्ट्याच्या फेऱ्याचा व्यास कमीअधिक होतो. तिसरा डी.सी.टी.; यांत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठीं व एक सम गिअरांसाठीं. चौथा ए.एम.टी.; याचा आंतला गिअरबॉक्स साधा, हातानें बदलावयाच्या गाडीचाच असतो; फक्त क्लच दाबण्याचें व गिअर हलविण्याचें काम संगणकाच्या हुकुमानें एक यंत्र करतें. आपल्या देशांत २०१४ सालीं मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीबरोबर हा प्रकार मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या आवांक्यांत आला.

आतां पहा: ए.एम.टी. गाडी गिअर बदलतांना क्षणभर श्वास घेतल्यासारखी रेंगाळते. ती तिची प्रकृति आहे. सी.व्ही.टी. गाडी जोरानें निघतांना इंजिनाचा आवाज गाडीच्या वेगापुढें धांवतो, तीही प्रकृतिच. परंतु टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडींत हींच लक्षणें दिसूं लागलीं, तर तो विकार समजावा. म्हणून आपली गाडी यांपैकीं कोणत्या जातीची, हें घरांतील प्रत्येक चालविणारास ठाऊक असलेंच पाहिजे.

लक्षणें

'गाडी नीट चालत नाहीं' या वाक्यानें वैद्यास कांहींच कळत नाहीं. मुख्य लक्षणें पांच आहेत.

पहिलें विलंब. 'डी' किंवा 'आर' लावल्यावर सुमारें सेकंदभरांत गाडीनें ओढ घ्यावी. दोन-तीन सेकंद ती स्तब्ध राहूं लागली, तर तेल कमी झालें आहे, गाळणी तुंबली आहे, किंवा तेलाचा दाब राखणारीं रबरी सीलें कडक झालीं आहेत, असा तर्क करावा.

दुसरें घसरण. अ‍ॅक्सिलरेटर दाबतांच इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडी पुढें सरकत नाहीं. हें लक्षण सर्वांत घातक. चकत्या घसरतात, घसरल्यानें तापतात, आणि तापल्यानें जळतात. अशी गाडी 'चालते आहे तोंवर चालवूं' म्हणून रेटणें म्हणजे थोड्याशा तेलावर भागणारें काम संपूर्ण दुरुस्तीवर नेणें होय.

तिसरें धक्का. एका गिअरवरून दुसऱ्यावर जातांना पाठीवर थाप बसते. जुनें तेल, तेलाची वाट उघडझांप करणारा सोलेनॉइड, किंवा इंजिन ज्यांवर बसविलेलें असतें ते झिजलेले रबरी माउंटिंग, यांपैकीं कोणतेंही कारण असूं शकतें. बॅटरी नुकतीच काढून बसविली असेल, तर कांहीं गाड्यांचा संगणक शिकलेला पाठ विसरतो व थोडे दिवस गिअर ओबडधोबड पडतात; तो रोग नव्हे.

चौथें कंप. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानें जात असतां खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. कन्व्हर्टरमधील कुलूप लावणाऱ्या क्लचचा हा विकार बहुधा असतो, आणि वेळेवर योग्य तेल बदलल्यास तो पुष्कळदां शमतो.

पांचवें अडकून बसणें. गाडी एकाच गिअरांत राहते, पुढचा गिअर पडतच नाहीं. येथें यंत्र मोडलें असें सहसा समजूं नये. संशय आला म्हणून संगणकानेंच स्वसंरक्षणार्थ गाडी एका गिअरांत बांधून ठेविलेली असते. 'पी' मधून दांडा निघतच नसेल आणि ब्रेक दाबूनही मागचे तांबडे दिवे लागत नसतील, तर ब्रेकच्या पायाखालचा लहानसा स्विच प्रथम तपासावा.

या प्रत्येक लक्षणाबरोबर काळही सांगावा. गाडी थंड असतां त्रास होतो कीं तापल्यावर? चढावर कीं सपाटीवर? इंजिन बंद करून पुन्हां सुरू केल्यास तो नाहींसा होतो काय? हाच उपशय. बंद-चालू केल्यानें जो दोष जातो व पुन्हां परततो, तो पुष्कळदां विजेच्या मार्गांत असतो. गाडी तापली कीं जो बळावतो, त्याचा संबंध पातळ पडलेल्या तेलाशीं किंवा झिजलेल्या पंपाशीं असण्याचा संभव अधिक.

तेलाची परीक्षा

या यंत्राचें रक्त म्हणजे त्याचें तेल. तें चक्रांस वंगण देतें, चकत्यांस दाबतें व उष्णता वाहून नेतें. इंजिनाच्या तेलाप्रमाणें तें जळून कमी होत नाहीं. कमी झालें असेल तर कोठें तरी गळतें आहे, हें निश्चित. तपासण्याची रीत प्रत्येक गाडीची निराळी. कांहींत इंजिन चालू ठेवून पहावयाचें, कांहींत बंद करून, आणि अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पट्टीच नसते. म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचावी.

टॉर्क कन्व्हर्टरचें नवें तेल बहुधा तांबडें असतें. तें तपकिरी होणें हें वयाचें चिन्ह. काळें पडून करपट वास येणें हें चकत्या जळाल्याचें. आणि दुधट गुलाबी दिसणें हें रेडिएटरचें पाणी आंत शिरल्याचें. तेल कोणतें घालावयाचें तें पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. 'चालेल' म्हणून दुसरें घालूं नये. सी.व्ही.टी.चें तेल तर निराळेंच असतें. घर्षण किती हवें व किती नको, याचा हा फार नाजूक तोल आहे. अमेरिकेंत १९७० च्या सुमारापर्यंत तो साधण्यासाठीं स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल यांत मिसळीत असत. कायद्यानें तें बंद झाल्यावर त्याची जागा भरून काढण्यास रसायनशास्त्रज्ञांस मोठा खटाटोप करावा लागला.

'हें तेल जन्मभर पुरतें' असें पुष्कळ विक्रेते सांगतात. पण जगांतील अनेक मोठ्या गाड्यांस गिअरबॉक्स पुरविणारी झेड.एफ. ही जर्मन कंपनीच आपल्या गिअरबॉक्सचें तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांवर, किंवा फार तर ८ वर्षांनीं, बदलावें असा सल्ला देते. जन्म म्हणजे कोणाचा, तेलाचा कीं गाडीचा, हें ग्राहकानें विचारून घ्यावें.

विजेचा मार्ग

गाडीचा वेग, अ‍ॅक्सिलरेटरची दाब, तेलाची उष्णता, हें सर्व सेन्सर संगणकास कळवितात, आणि त्यावरून गिअर ठरतो. निरोप्या चुकला तर राजाची आज्ञाही चुकते. दोष आढळला कीं संगणक एक सांकेतिक कोड नोंदवून ठेवतो. गॅरेजमध्यें एक लहान यंत्र जोडून तो वाचतां येतो. 'पी ०७००' हा कोड केवळ 'गिअरबॉक्सकडे पहा' एवढेंच सांगतो. खरी हकीकत त्याच्यामागच्या दुसऱ्या कोडांत असते. शिवाय कोड दोषाची जागा दाखवितो, बदलावयाचा भाग नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाची गाडी ऐन पावसाळ्यांत तिसऱ्या गिअरापुढें जाईना. एका गॅरेजनें गिअरबॉक्स बदलण्याचा अंदाज लिहून दिला. घरची धाकटी सून अभियंता, तिनें सासऱ्यांस म्हटलें, "बाबा, कोड कोणता आला तें अगोदर विचारा, पैशांचें मागून बोलूं." तो कोणी वाचलाच नव्हता. दुसरीकडे वाचला, तेव्हां फेरे मोजणाऱ्या सेन्सरकडे बोट गेलें. त्याच्या तारेच्या जोडांत पाणी शिरून हिरवट गंज चढला होता. जोड बदलला आणि गाडी चालूं लागली. प्रत्येक दोष असा स्वस्तांत सुटतो असें नव्हे. पण स्वस्त कारण आधीं पाहिल्यावांचून महाग कारण मानूं नये.

घाटांत घ्यावयाची काळजी

हेतु टाळणें हीच उत्तम चिकित्सा. खंडाळ्याच्या चढावर वाहनांची रांग थांबली असतां ए.एम.टी. किंवा डी.सी.टी. गाडी अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर धरून ठेवूं नये, ब्रेक दाबावा. नाहींतर अर्धवट टेकलेला क्लच घासून तापतो. उतरतांना खालचा गिअर घ्यावा, म्हणजे इंजिनच गाडी आवरतें व ब्रेक तापत नाहींत. उतारावर 'एन' लावून गाडी सोडून देणें हा निव्वळ अविचार आहे. उभी करतांना आधीं हातब्रेक ओढावा, मग 'पी' लावावा. 'पी' म्हणजे आंतला एक लहानसा खटका, त्यावर सगळ्या गाडीचा भार टाकूं नये. गाडी बंद पडलीच, तर चालतीं चाकें रस्त्यावर ठेवून ती ओढून नेऊं नये, कारण इंजिन बंद असतां तेलाचा पंपही बंद असतो. ट्रकवर चढवून न्यावी. आणि घसरण्याचें लक्षण दिसत असलेली गाडी घेऊन वृद्धांस व मुलांस घाटांत नेऊंच नये. समोरून ट्रक येत असतां पुढें काढलेली गाडी ऐन वेळीं ओढ सोडते, तेव्हां प्रश्न पैशांचा राहत नाहीं.

एका गाडीस चार चालविणारे असले, कीं तेल केव्हां बदललें हें कोणासच ठाऊक नसतें. यास्तव गाडींत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, तेल, आणि जाणवलेलें लक्षण ज्याचें त्यानें लिहावें. गॅरेजमध्यें गेल्यावर क्रम हाच असूं द्यावा: प्रथम हकीकत, मग तेल, मग बॅटरी व तारा, मग कोड, मग तेलाचा दाब, आणि इतकें सर्व झाल्यावरच गिअरबॉक्स उघडण्याची गोष्ट. काढलेला जुना भाग डोळ्यांनीं पहावा व त्यांत काय बिघडलें तें समजून घ्यावें. जाणता कारागीर अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट असा ग्राहक लाभला म्हणून त्यास समाधानच वाटतें.