पत्रातून माणूस ओळखणे



पांढुर्ण्यात उभे राहून प्रेमकथेवर बोलायचे म्हणजे जाम नदीची आठवण आधी येणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिच्यामागची दंतकथा आपण सर्वांनी लहानपणीच ऐकली आहे. इकडचा मुलगा, तिकडची मुलगी, दोघे पळून जात असता नदीत अडकले आणि दोन्ही काठांवरून दगड आले. कोणी सांगतो दोघे मेले, कोणी सांगतो वाचले. त्या दोघांची एकमेकांना ओळख कशी झाली, ते एकमेकांशी काय बोलत असत, हे मात्र कोणीच सांगत नाही. कथेला त्याची गरज वाटली नाही. आजचा माझा विषय नेमका तिथून सुरू होतो.

याच मुलखात, म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, दुसरी एक जोडी होऊन गेली. तिच्या ओळखीचा सारा कागद आपल्या हाती आहे. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरचे. कुसुम जयवंत अमरावतीच्या. दोघेही शिक्षणासाठी पुण्यास गेले. जाती वेगळ्या. लग्न झाले १९२९ साली. त्याआधीच्या वर्षांत दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये ग्रंथरूपाने आली. कुसुम आणि अनिल ही दोन नावे संधीने जोडली की शीर्षक तयार होते. व्याकरणाने लावलेले इतके चपखल लग्न मी दुसरे पाहिलेले नाही.

ती पत्रे येथे वाचून दाखवण्याचा माझा विचार नाही. ती ज्याने त्याने एकट्याने वाचावीत. लिहून लिहून दोन माणसे एकमेकांना ओळखतात ती कशी, आणि त्या काळी हे इतके अवघड का होते, एवढेच मला उलगडून सांगायचे आहे.

पहिली अडचण आजच्या मुलांना सांगितली तर हसू येईल. ती होती मायन्याची. आपल्या जुन्या पत्रलेखनात प्रत्येक नात्याला जागा ठरलेली होती. वडिलांना तीर्थरूप, वडीलधाऱ्या आप्तांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, परक्या गृहस्थाला श्रीयुत, आणि पुढे साष्टांग नमस्कार किंवा अनेक उत्तम आशीर्वाद. नवऱ्याला, सासऱ्याला, व्याह्याला कसे लिहावे हे सारे ठरलेले. पण अविवाहित मुलीने अविवाहित, परजातीच्या, आपल्याच वयाच्या मुलाला पत्र लिहिताना वर काय घालावे, याला आपल्या परंपरेत रकानाच नव्हता. तिने ‘श्रीयुत’ लिहिले तर तो कारकून होतो. नुसते नाव लिहिले तर घरात कोणाच्या हाती पडल्यावर काय होईल, ते सांगायला नको. असे पत्र लिहिणाऱ्या पिढीला पहिली ओळ स्वतःच शोधावी लागली. ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे हा मराठीत मोठा प्रवास आहे. समोरासमोर बोलताना तो नकळत घडून जातो. कागदावर मात्र तो कोणत्या तारखेला घडला हे कायमचे राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. १९२२ मध्ये सरकारने टपालाचे दर दुप्पट केले. पाव आण्याचे कार्ड अर्ध्या आण्याला झाले, अर्ध्या आण्याचे पाकीट एक आण्याला. कार्ड पोस्टमनपासून घरच्या गड्यापर्यंत सगळे वाचत, म्हणून मनातले लिहायचे तर पाकीटच हवे. आणा खर्च करायचा तर माणूस दोन ओळी लिहून थांबत नाही. कुसुमताई पुढे इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी लंडनला गेल्या. तेव्हा विलायतेचे टपाल बोटीने जाई; एका प्रश्नाचे उत्तर हाती यायला महिना उलटे. तोवर प्रश्न विचारणाराही थोडा बदललेला असे. रुसवा इतके दिवस टिकत नाही; जे टिकते ते खरे समजावे, असा हिशेब तेव्हाच्या लोकांना आपोआप कळत असावा.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती आपल्या प्रांताशी जोडलेली आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर वधूवरांना आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, अमुक नाही, असे लिहून द्यावे लागे. धर्म न सोडता त्या कायद्याखाली आंतरजातीय विवाह नोंदवण्याची सोय १९२३ च्या दुरुस्तीने झाली. ती दुरुस्ती आणणारे डॉ. हरिसिंह गौर सागरचे. पुढे सागरचे विद्यापीठ उभारले तेही त्यांनीच. म्हणजे ज्या दशकात ही पत्रे लिहिली जात होती, त्याच दशकात अशा लग्नांपुढची वाट कायदा मोकळी करत होता. वाट मोकळी होणे आणि ती चालणे यांत अंतर असते, ते या दोघांनी पत्रांनी भरून काढले असे मला वाटते.

रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांचे उदाहरण या विषयात नेहमी देतात. त्याने तिच्या कविता वाचून जानेवारी १८४५ मध्ये पहिले पत्र लिहिले, भेट मे महिन्यात झाली, लग्न सप्टेंबर १८४६ मध्ये, तेही तिच्या वडिलांच्या नकळत. मधल्या वीस महिन्यांत सुमारे पावणेसहाशे पत्रे. दोघेही एकाच लंडन शहरात! जवळ असूनही लिहावेसे वाटते, याचा अर्थ बोलण्यात मावत नाही असे काही असतेच.

आता इतकी थोर माणसे बाजूला ठेवून घरचे सांगतो, कारण पत्राने माणूस कसा कळतो हे मला तिथे कळले.

माझ्या मोठ्या बहिणीचे साक्षगंध १९७१ साली झाले. मुलगा वरुडकडचा, संत्र्याची बाग, घर चांगले. लग्न सहा-सात महिन्यांनी होते. बाबांनी पत्रे लिहायला परवानगी दिली, अट एकच की अंतर्देशीय पत्र आधी मायच्या हाती जाईल. मुलाचे अक्षर देखणे होते. आंबिया बहार कसा आला, विहिरीला पाणी किती, कोणता सिनेमा पाहिला, सगळे तो छान लिहायचा. घरात सगळे खूश. बाईने दुसऱ्या पत्रात विचारले होते की शिक्षिकेचे प्रशिक्षण मला लग्नानंतर पुरे करता येईल का. उत्तर आले, त्यात बहाराची हकिकत होती. तिने पुन्हा विचारले. उत्तर आले, त्यात तिच्या अक्षराचे कौतुक होते. तिसऱ्यांदा विचारले. तिसरे उत्तर तिने बाबांपुढे ठेवले आणि म्हणाली, ‘बाबा, यात माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठं आहे ते तुम्हीच दाखवा.’

बाबांनी पत्र दोनदा वाचले. साक्षगंध मोडणे म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. माय दोन दिवस जेवली नाही. शेवटी बाबा स्वतः वरुडला गेले, समोरासमोर विचारले, आणि उत्तर घेऊन आले. लग्न झाले नाही. तो मुलगा वाईट होता असे आमच्या घरात कोणी कधी म्हटले नाही. त्याला ‘नाही’ लिहिता येत नव्हते एवढेच. बाई पुढे तीस वर्षे शिक्षिका होती, तिचा संसारही चांगला झाला.

पत्राचा मोठा गुण इथे दिसतो. बोलताना टाळलेला प्रश्न हवेत विरून जातो. कागदावर टाळलेला प्रश्न जागा रिकामी ठेवून जातो, आणि तीन पत्रे शेजारी ठेवली की ती रिकामी जागा डोळ्यांना दिसते. गोड लिहिणारा फसवू शकतो हे खरेच. त्याला उपाय इतकाच की ठोस विचारावे: पैसा कोणाच्या हाती असतो, आई आजारी पडली तर कोण थांबते, शेतीच्या कर्जाचे काय. आणि उत्तर जपून ठेवावे.

आजची मुलेमुली परिचय मेळाव्यात किंवा बायोडाट्यावरून एकमेकांना पाहतात आणि त्याच रात्री मोबाईलवर लिहू लागतात. हेही लिहिणेच आहे, याला नाक मुरडण्याचे कारण नाही. फरक असा की शंभर छोटे निरोप मागेपुढे शोधून शेजारी ठेवायला कोणी बसत नाही. आमच्या भागात आणखी एक गुंता आहे. १९५६ मध्ये नागपूर तिकडे गेले आणि छिंदवाडा इकडे राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी. मुलगी सौंसरची, मुलगा काटोलचा. बोलताना दोघे आपल्या वऱ्हाडीत, पण लिहायला बसली की ही हिंदीत लिहिते, नाहीतर इंग्रजी अक्षरांत. माझ्याच नातीने मागच्या वर्षी विचारले, ‘आबा, ळ कुठं लिहायचा अन् ल कुठं?’ कोणाला लिहायचे आहे ते मी विचारले नाही. एक पान भरून शब्द लिहून दिले.

व्याख्यानाआधी काहींनी विचारले की घरात अशी जुनी पत्रे आहेत, त्यांचे काय करावे. कुसुमावतीबाई १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्या वारल्या. ‘कुसुमानिल’ त्यानंतर अकरा वर्षांनी आले. म्हणून छापायची घाई करू नये. कायद्याने पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि त्याच्यामागे तो त्याच्या वारसांकडे राहतो. छापायचे असेल तर त्यांना विचारावे लागते.

बाईची ती तीन पत्रे अजून तिच्या पेटीत आहेत. या व्याख्यानासाठी मी मागितली. ती म्हणाली, ‘माझ्या प्रश्नाचं सांग हवं तर. त्याचं अक्षर कोणाला दाखवू नको.’