चर्चने मोजलेले पिनकोड

न्यूअर्कच्या विमानतळावर उतरून एडिसनला लेकीकडे किंवा लेकाकडे निघालेल्या मराठी आईवडिलांना आयर्नबाउंड हे नाव बहुधा ऐकूनही ठाऊक नसते. ही वस्ती विमानतळाच्या अगदी शेजारची. कचरा जाळणारी भलीमोठी भट्टी, सांडपाण्याचा प्रचंड प्रकल्प आणि बंदराकडे जाणारे ट्रक यांच्या मधोमध माणसे राहतात. अशा वस्त्यांवर आणखी धूर लादू नये म्हणून न्यू जर्सीने 18 सप्टेंबर 2020 रोजी एक कायदा केला. त्याची मुळे शोधायची तर दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या एका बाप्टिस्ट चर्चपर्यंत जावे लागते.

1978 च्या उन्हाळ्यात कुणीतरी रात्रीच्या अंधारात टँकरची तोटी उघडी ठेवून त्या राज्याच्या रस्त्यांवरून गाडी हाकली. सुमारे 240 मैल रस्त्याच्या कडेला पीसीबी हे विषारी रसायन असलेले तेल सांडले गेले. गुन्हेगार सापडले, शिक्षाही झाली. पण खरवडून काढलेली माती टाकायची कुठे? सरकारने वॉरन काउंटी निवडली. तिथे भूजल उथळ, लोक विहिरीचे पाणी पिणारे, बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब. जागेची ही निवड निव्वळ शास्त्रीय होती, यावर विश्वास ठेवायला फार मोठी श्रद्धा लागते!

सप्टेंबर 1982 मध्ये मातीचे ट्रक निघाले आणि कोली स्प्रिंग्ज बाप्टिस्ट चर्चमधून मोर्चेही निघू लागले. माणसे ट्रकपुढे रस्त्यावर आडवी झाली. काही आठवड्यांत पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. त्यांत पाद्री होते, म्हाताऱ्या बायका होत्या, वॉशिंग्टनचे लोकप्रतिनिधी वॉल्टर फॉन्ट्रॉयही होते. माती शेवटी तिथेच पुरली गेली. ती निर्विष करण्याचे काम संपायला 2003 उजाडले आणि खर्च आला सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर.

लढाई हरली, पण फॉन्ट्रॉय यांनी केंद्रीय लेखापरीक्षकांकडून चौकशी करवून घेतली. 1983 चा अहवाल सांगत होता की, आग्नेयेकडील आठ राज्यांत घातक कचऱ्याच्या ज्या चार मोठ्या जागा तपासल्या, त्यांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत होत्या. चार हा आकडा तसा लहानच. मग युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने अख्खा देश मोजायला घेतला.

या प्रकरणातला हा भाग सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल. आयोगाचे बेंजामिन चेव्हिस हे रसायनशास्त्राचे पदवीधर. दहा कार्यकर्त्यांवरच्या ‘विल्मिंग्टन टेन’ खटल्यात त्यांनी तुरुंग भोगला होता. ती शिक्षा 1980 मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केली. संशोधनाची धुरा चार्ल्स ली यांच्याकडे होती. त्यांनी काय केले, तर प्रत्येक पिनकोड घेतला, तिथे कचऱ्याचे केंद्र आहे का ते पाहिले आणि लोकसंख्येशी ताडून पाहिले. 1987 मध्ये निष्कर्ष आला. जिथे एकही केंद्र नाही तिथे अल्पसंख्याकांचे सरासरी प्रमाण 12 टक्के, एक केंद्र असेल तिथे 24. गरिबी, घरांच्या किमती असे इतर घटकही तपासले होते. सगळ्यांत ठळक ठरला तो वंश. प्रवचनाला टाळ्या मिळतात, तक्त्याला उत्तर द्यावे लागते. एका धार्मिक संस्थेने हे ओळखले, हे तिचे मोठेपण.

मधला इतिहास थोडक्यात. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा आदेश काढला; तो जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. अमेरिकी करकायद्याप्रमाणे करमुक्त चर्चला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, मात्र कायद्यासाठी मर्यादित प्रमाणात आग्रह धरता येतो. म्हणून धर्मसंस्थांचे लक्ष राज्यांच्या विधिमंडळांकडेही असते. न्यू जर्सीत युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींची ‘फेथअ‍ॅक्शन’ ही संस्था राजधानी ट्रेंटनमधल्या विधिमंडळाकडे असाच पाठपुरावा करते. अर्थात 2020 च्या कायद्याचे श्रेय धर्मसंस्थांना देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. वर्षानुवर्षे खेटे घातले ते आयर्नबाउंड कम्युनिटी कॉर्पोरेशनसारख्या वस्तीतल्याच संघटनांनी.

तरी कायद्याची कलमे वाचताना 1987 चे तक्ते आठवल्याशिवाय राहत नाहीत. जनगणनेच्या एखाद्या गटात किमान 35 टक्के कुटुंबे अल्प उत्पन्नाची, किंवा किमान 40 टक्के रहिवासी अल्पसंख्याक अथवा राज्यमान्य आदिवासी जमातीचे, किंवा किमान 40 टक्के कुटुंबे इंग्रजीत अडखळणारी असली, की ती वस्ती ‘अतिभारित’. तिथे इतर भागांपेक्षा जास्त बोजा टाकणारी नवी भट्टी, उकिरडा किंवा मोठा वीजप्रकल्प आला तर परवाना नाकारणे सरकारवर बंधनकारक आहे. त्या वस्तीची निकड भागवणारे सबळ लोकहिताचे कारण असेल तरच सूट. असे बंधन घालणारे हे अमेरिकेतले पहिले राज्य.

मेख पुढेच आहे. जुन्या प्रकल्पाला मुदतवाढ हवी असेल तर सरकार अटी घालू शकते, नकार देऊ शकत नाही. आयर्नबाउंडची भट्टी जुनीच. मात्र मोठ्या परवान्यांच्या नूतनीकरणापूर्वी त्याच वस्तीत जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना किमान 60 दिवस आधी द्यावी लागते. एवढ्या अवधीत रात्रपाळी करणाऱ्या, पोर्तुगीज किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांना गाठून सभागृहापर्यंत आणायचे, तर दर रविवारी त्यांना भेटणाऱ्या चर्चइतकी सोयीची यंत्रणा दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल.