पुंगळी काढली की गाडी पळते?

मैत्रिणींनो, मोटारसायकलचा सायलेन्सर हा काही आपल्या पानाचा विषय नाही, असं तुम्हाला वाटेल. पाककृती, मुलांचे अभ्यास, भिशी यांच्यामध्ये हा कुठून आला? पण आमच्या बचत गटाच्या मागच्या तीन बैठकांत हप्त्यांच्या खालोखाल बोलणं झालं ते याच विषयावर. गटातल्या एका ताईंनी आठ हजार रुपये उचलले होते. कारण लिहिलं होतं 'गाडी दुरुस्ती'. मुलगा नळजोडणीची कामं करतो, गाडी बंद तर रोज बुडाला, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन महिन्यांनी मोबाइलवर चलन आलं, तेही ताईंच्या नावानं, कारण गाडीच त्यांच्या नावावर! तेव्हा कळलं की दुरुस्ती वगैरे काही झालीच नव्हती. त्या पैशांत आला होता एक चकचकीत, चांगलाच लांबलचक सायलेन्सर.

"मॅडम, पोरगं म्हणतंय, गाडी आता लई पळती. खरंच पळती का हो?" ताईंनी विचारलं.

प्रश्न साधा, पण आम्हा पंधराजणींपैकी एकीलाही उत्तर येईना. माझी पदवी मराठी वाङ्मयाची! शेवटी ओळखीच्या मेकॅनिककाकांच्या गॅरेजवर जाऊन बसले. काका बुजुर्ग, बोलके. त्यांनी हातातलं काम न सोडता दोन तास शिकवलं.

खरं तर आपल्या शहराला गाड्या काही नव्या नाहीत. १९८५ साली तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजला बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, रूपच पालटलं. सुटे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने पाठोपाठ आले. ज्या घरातलं कुणीच कधी वाळूजला कामाला गेलं नाही, असं घर इथं शोधावं लागेल. आणि दारातली चेतक? सकाळी ती तिरकी करून मग किक मारायची, हे आपल्या पिढीतल्या कुणाला आठवत नाही?

काकांनी सुरुवात चेतकपासूनच केली. ती टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागे. ते ऑइल जळून सायलेन्सरमध्ये कार्बन धरायचा आणि चढावर स्कूटर रडायला लागायची. मग मेकॅनिक सायलेन्सर काढून भाजायचा, ठोकून काळे पापुद्रे पाडायचा, आणि स्कूटर पुन्हा तरतरीत! म्हणजे सायलेन्सरचा आणि गाडीच्या ताकदीचा संबंध आहे, हे खरंच. पोरं अगदीच खोटं बोलत नाहीत.

पण अर्धं खरं फार फसवं असतं, बरं का!

इंजिनात पेट्रोल आणि हवा जळली की गरम वायू धक्क्यानं बाहेर पडतो. एक धक्का, मग दुसरा, मिनिटाला हजारो. प्रत्येक धक्क्याच्या मागे क्षणभर पोकळी तयार होते आणि ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. त्यामुळे आत ताज्या हवेला जागा होते. नळी किती लांब, किती रुंद, यावर ही ओढ ठरते. आपल्या पाणी तापवायच्या बंबाची आठवण काढा. त्याची नळी आखूड केली तर बंब धड पेटतो का? नळीतला ओढा हवा असतो, नुसतं मोकळं भोक नव्हे. कंपनीचे इंजिनिअर हा मेळ महिनोन् महिने चाचण्या घेऊन बसवतात. कारण गाडीला ताकद हवी, पण आवाज आणि धूरही मर्यादेत हवा.

आपल्या बजाजचंच उदाहरण. २००० च्या दशकात डिस्कव्हर, पल्सर या गाड्यांच्या धुराच्या नळीला इंजिनाजवळच एक छोटी डबी दिसायची. त्याला कंपनीनं 'एक्झॉसटेक' असं नाव दिलं होतं. कमी वेगात, गर्दीत गाडीनं चांगली ओढ धरावी, एवढ्यासाठी ती. काका सांगतात, नवी सरळ नळी बसवताना कित्येक पोरांनी ती डबीच भंगारात घातली. आणि मग तक्रार, "काका, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलत नाही!"

आता 'पुंगळी काढणं'. सायलेन्सरच्या आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि कप्पे असतात. आवाज त्यांच्यात आपटून आपटून मऊ होतो. ही आतली पुंगळी काढली, की तोच आवाज सरळ रस्त्यावर येतो. बुलेटवाले तर 'पंजाब', 'इंदोरी' अशी नावं घेऊन सायलेन्सर मागतात, जणू साड्यांचे प्रकार! वाट मोकळी झाली म्हणून अगदी जोरात पळवताना ताकद थोडी वाढूही शकते. पण ते कधी? पेट्रोल-हवेचं प्रमाण नव्यानं जुळवलं तर. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्यासाठी जेट बदलावा लागतो. तो कुणी बदलत नाही. मग हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं मिश्रण जळायला लागतं आणि इंजिन तापतं. काकांनी मला दोन प्लग दाखवले. एक बिस्किटाच्या रंगाचा, तो निरोगी गाडीचा. दुसरा पांढराफटक, तो सायलेन्सर बदललेल्या गाडीचा. असंच चालू राहिलं तर इंजिनातला व्हॉल्व्ह जळतो, आणि मग मात्र खरीखुरी 'गाडी दुरुस्ती' निघते.

"मग पोरांना गाडी पळाल्यासारखी का वाटते?" मी विचारलं.

"कान पळतात, मॅडम. गाडी तेवढीच पळते." काका हसले.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्या आल्या आणि हा खेळ आणखी महाग झाला. त्यांच्या धुराच्या वाटेत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी वायूंचं तिथं बरंच शुद्धीकरण होतं. शिवाय ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. जाळीसकट सगळं काढून टाकलं, की न शुद्ध झालेला धूर मागच्या गाडीवरच्या लेकरांच्या नाकात, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा!

आवाजाचं गणित मला सगळ्यात धक्कादायक वाटलं. दीडशे सीसीच्या नव्या मोटारसायकलला चाचणीत ७७ डेसिबलची मर्यादा आहे, बुलेटसारख्या मोठ्या गाडीला ८०. आपल्याला वाटतं, ऐंशीचे नव्वद झाले तर काय बिघडलं? पण दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. पुंगळी काढलेली गाडी जवळून मोजली तर शंभरी गाठते. वस्तीत रात्रीची मर्यादा आहे ४५. रुग्णालयं आणि शाळांभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथं रात्री फक्त ४०. आपल्या घाटी रुग्णालयात बाळंतपण होऊन पडलेली बाई, शेजारी दोन दिवसांचं बाळ, आणि बाहेरून ते 'फटाके'. गाडी चालू असताना बटण बंद करायचं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठू द्यायचं, मग बटण चालू करून ते तिथंच पेटवायचं. फटाका तो हाच. कॉलेजच्या फाटकाशी मुलींच्या मागे जाऊन मुद्दाम तो वाजवणारे असतात. हा गाडीचा शौक म्हणायचा का? मी तर त्याला छेडच म्हणते.

कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण तो आपल्या पर्समध्ये हात घालतो. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या गाडीच्या मालकाला, हो, मालकाला, प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडून गाडी चालवणाऱ्याला १०,००० पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. चालवणारा अठराच्या आतला असेल तर पालकांवर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची वेळ. सवलत मिळते म्हणून किंवा हौसेनं गाडी आपल्या नावावर घेतलेल्या बायका गटात सातजणी निघाल्या. आरसी बुकावर आपलं नाव आहे, याचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, ते वेगळंच.

ताईंच्या मुलाला मी काकांकडे घेऊन गेले. रागावले नाही, काकांनीच त्याला त्याच्या गाडीचा प्लग काढून दाखवला. पांढरा! पोरगं गप्प झालं. अडचण अशी की मूळ सायलेन्सर त्यानं भंगारवाल्याला देऊन टाकला होता, आणि नवा कंपनीचा घ्यायचा तर परत काही हजार. तो त्यानं स्वतःच्या कामाच्या पैशांतून, दोन हप्त्यांत घेतला. गटानं आता नियम केला आहे की दुरुस्तीच्या कर्जाला गॅरेजचं बिल लागेल. दोघीजणी रुसल्या, "आमच्यावर भरवसा नाही का?" म्हणून. रुसू देत.

वेगाची हौस वाईट असं मी म्हणणार नाही. चेन्नई आणि कोइमतूरजवळ शर्यतींचे खास ट्रॅक आहेत. तिथं सायलेन्सर बदलून, मिश्रण जुळवून, मोजमाप करूनच गाडी उतरवतात. बंगळुरूची ऐश्वर्या पिसे २०१९ मध्ये मोटारसायकलच्या बाहा शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकून आली. आपल्या मुलींनाही सांगा हे नाव.

राहता राहिली आपली गोष्ट, मागे बसणारीची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना सायलेन्सर उजवीकडे आणि साडीगार्ड डावीकडे असतो, कारण आपण डावीकडे पाय सोडून बसतो. मागच्या चाकाला असं संरक्षण असावं हे नियमातच आहे. हौशी पोरं गाडी 'मॉडिफाय' करताना पहिला बळी साडीगार्डचा देतात. काहीजण दोन्ही बाजूंना नळ्या लावतात, आणि त्यावर कंपनीनं दिलेलं चटक्यापासून वाचवणारं आवरणही नसतं. पोटरीला बसलेला तो लांबट चट्टा ओळखीचा आहे ना? चटका बसलाच तर जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड आला तर फोडू नका, आणि चट्टा तळहाताएवढा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.